मालाचे गाव : कोयनाकाठचे वनोपज आणि समुद्रापलीकडचा बाजार

सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यातील मलकापूर हे आगाशिवाच्या डोंगरापाशी, कोयनेच्या दक्षिणेस, पुणे–बेंगळुरू महामार्गाच्या दोन्ही अंगांना वाढलेले गाव असून त्याची आजची ओळख महामार्गावरील बाजारपेठ, रुग्णालये आणि शिक्षणसंस्था यांच्याशी जोडली गेली आहे. तथापि येथून पश्चिमेकडे फुटणारा ढेबेवाडीचा फाटा ज्या दिशेला जातो त्या दिशेला वांग नदीचे खोरे, त्यामागे सह्याद्रीची धार आणि कोयना–चांदोलीचे अरण्य आहे. डोंगरातून उतरणारी वाट आणि पेठांना जोडणारा हमरस्ता जिथे एकमेकांना मिळतात अशा ठिकाणांना वनोपजाच्या, म्हणजे रानातून मिळणाऱ्या फळ, साल, मध, लाकूड, शिंग अशा वस्तूंच्या, व्यापारात नेहमीच महत्त्व असते. कारण रानातली वस्तू आपले गाव आणि आपले झाड मागे टाकून नुसता ‘माल’ बनते ती अशाच ठिकाणी. हा माल पुढे समुद्र ओलांडून गेला, त्यावर आधी परवाने व कर आणि नंतर आंतरराष्ट्रीय करार लागू झाले, आणि या सर्व काळात तो कोणत्या रानातून आला हे कोणी सांगायचे, हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत उभा राहत गेला.

नावाचा घोटाळा खुद्द गावापासूनच सुरू होतो. मलकापूर नावाचे दुसरे गाव कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुक्यात, आंबा घाटाच्या वाटेवर असून ते विशाळगड जहागिरीचे ठाणे होते. तिसरे बुलढाणा जिल्ह्यात आहे. सह्याद्रीच्या वनोपजाविषयी लिहिताना पहिल्या दोन मलकापुरांची गल्लत होणे सोपे आहे, कारण दोन्ही गावे एकाच पर्वतरांगेच्या पूर्वेस, घाटवाटेच्या तोंडाशी वसली आहेत. येथे कराडजवळचे मलकापूर केंद्रस्थानी ठेवले असले, तरी व्यापाराला तालुक्याची शीव ठाऊक नसल्याने विवेचन पाटण, शिराळा, मिरज आणि वेंगुर्ल्यापर्यंत जाते.

या वाटा जुन्या आहेत. मध्य भारतातील भरहुत येथील स्तूपाच्या दानलेखांत ‘करहकट’ या नगराचा उल्लेख येतो आणि ते नगर म्हणजेच आजचे कराड, असे सामान्यतः मानले जाते. आगाशिवाच्या डोंगरातील बौद्ध लेणी हीही या वाटांवरच्या सुबत्तेची खूण आहे, कारण पश्चिम दख्खनची लेणी बहुधा घाटवाटांच्या आणि व्यापारी गावांच्या आश्रयाने उभी राहिली. कुंभार्ली घाटाने चिपळूण गाठता येत होते आणि चिपळूणहून खाडीमार्गे समुद्र. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक देवतेची कांस्यमूर्ती समुद्रापलीकडचा माल सह्याद्री चढून वर येत होता हे दाखवते. वरून खाली काय गेले याचे पुरावे मात्र विरळ आहेत, आणि त्यात नवल नाही, कारण धातू मातीत टिकतो, फळे आणि साली टिकत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पुष्कळ स्पष्ट होते, आणि त्यात सर्वांत ठळकपणे दिसतो तो हिरडा. त्रिफळा चूर्णातील तीन फळांपैकी एक म्हणून हिरडा घरोघरी परिचित असला, तरी युरोपला तो औषधासाठी नको होता. फळाच्या वाळलेल्या गरात टॅनिन हे तुरट द्रव्य विपुल असते. ते कच्च्या कातड्यातील प्रथिनांशी बांधले गेले की कातडे कुजत नाही आणि त्याचे टिकाऊ चामडे होते. कातडी कमावण्याची ही रीत दख्खनला मुळीच नवी नव्हती. ढोर समाजातील कारागीर बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडी मुरवत, आणि गावच्या मोटा, पखाली, वहाणा त्याच चामड्याच्या होत. नवी होती ती मागणीची व्याप्ती. ब्रिटनमधील चर्मोद्योग यंत्रांचे पट्टे, घोड्यांचे साज आणि सैन्याचे बूट यांसाठी वाढत गेला तसा तेथील ओकच्या सालीचा पुरवठा अपुरा पडू लागला आणि हिंदुस्थानातून हिरड्याची पोती जहाजांवर चढू लागली.

लंडनच्या बाजारात या हिरड्याच्या प्रती ज्या नावांनी ओळखल्या जात ती नावे लक्षात घेण्यासारखी आहेत. बिमलीपट्टणमवरून ‘भिमली’, जबलपुरावरून ‘जबलपूर’, तसेच ‘राजपूर’ आणि वेंगुर्ल्यावरून ‘व्हिंगोर्ला’ अशी ही नावे होती. वेंगुर्ला हे कोकणातील बंदर. तेथे हिरडा पिकत नव्हता, तेथून तो जहाजावर चढत होता. पावसाळा सरल्यावर फळे पाडणारा, वेचणारा आणि अंगणात वाळत घालणारा डोंगरातला माणूस या नावात कोठेही नव्हता, त्याचे गाव नव्हते आणि त्याचे रानही नव्हते. व्यापारी नाव म्हणजे मालाची प्रत सांगणारी खूण, एवढाच त्याचा अर्थ होता. एखाद्या खोऱ्यातील झाडे ओरबाडली जात आहेत की सांभाळली जात आहेत हे लंडनच्या चर्मकाराला त्यातून कळणे शक्य नव्हते आणि त्याला ते कळून घ्यायचेही नव्हते. तरी हिरड्याच्या बाबतीत निसर्गाने थोडी कृपा केली होती. येथे हवे होते ते फळ, झाड नव्हे; त्यामुळे फळ वेचूनही झाड उभे राही आणि पुढच्या वर्षी पुन्हा फळे. या व्यापाराला टिकाऊपणा आला तो कोणाच्या शहाणपणामुळे नव्हे, तर झाडाच्या प्रकृतीमुळे.

सरकारने या व्यवहारात हात घातला तो महसुलासाठी. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यावर येथील जंगल कंपनी सरकारच्या ताब्यात गेले, आणि १८७८ च्या वन कायद्याने राखीव व संरक्षित जंगलांची विभागणी होऊन वनोपजाच्या वाहतुकीवर नियंत्रण आले. वाहतूक परवाना, लाकडावरील हातोड्याचा शिक्का आणि तपासणी नाका ही तीन साधने या व्यवस्थेचा कणा होती. हिरड्यासारख्या गौण वनोपजाचा, म्हणजे इमारती लाकडाखेरीज रानातून मिळणाऱ्या वस्तूंचा, मक्ता लिलावाने दिला जाई. मक्तेदार वेचणाऱ्यांना मजुरी देई आणि माल आपल्या नावावर हलवी.

या भागात नियंत्रणाला आणखी एक अडचण होती. ब्रिटिश सातारा जिल्ह्याच्या दक्षिणेस कोल्हापूर संस्थान व त्याच्या जहागिरी, कृष्णेच्या खोऱ्यात सांगली, मिरज आणि कुरुंदवाड ही पटवर्धनांची संस्थाने, मध्येच औंधची विखुरलेली गावे, अशी शिवारे एकमेकांत गुंतली होती. एका डोंगराचा एक उतार इंग्रजी अमलात, तर दुसरा संस्थानात असे, आणि रान मात्र सलग. १८७८ च्या कायद्यात हद्दीबाहेरून येणाऱ्या लाकडावर कर बसवण्याची तरतूद होती ती अशाच परिस्थितीसाठी; कारण ओंडका कोणत्या बाजूच्या झाडाचा हे ओंडक्याकडे पाहून ठरत नाही. सरहद्दीपलीकडच्या सहकार्याविषयी आज जे बोलले जाते त्याची एक लहान, काहीशी कुरबुरीची पूर्वावृत्ती या संस्थानी सीमांवर दिसते. फरक इतकाच की तेव्हा दोन्ही बाजूंना राखायचा होता तो महसूल.

या व्यवस्थेविरुद्धचा राग १९३० मध्ये उघड झाला. त्या वर्षीच्या कायदेभंगात मीठ नसलेल्या डोंगरी मुलखाने जंगल सत्याग्रह उचलून धरला, आणि तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेल्या शिराळा भागातील बिळाशीचा सत्याग्रह त्यांत विशेष गाजला. (हा भाग १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नव्या जिल्ह्यात गेला आणि त्याच जिल्ह्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले.) जंगल सत्याग्रहाकडे स्वातंत्र्यलढ्यातील एक प्रसंग म्हणूनच बहुधा पाहिले जाते; पण रान कोणाचे, त्यातील वस्तू विकण्याचा अधिकार कोणाचा, या वादाचा तो एक टप्पा होता हे विसरता कामा नये. वन हक्क कायद्याने गौण वनोपजावर पारंपरिक वननिवासींची मालकी मान्य केली ती २००६ मध्ये, म्हणजे बिळाशीनंतर शहात्तर वर्षांनी.

तोवर हिरड्याचा परदेशी बाजार ओसरत गेला होता. क्रोमियमच्या क्षारांनी कातडी कमावण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत अमेरिकेत विकसित झाली आणि महिन्यांचे काम दिवसांवर आले. शिवाय दक्षिण आफ्रिकेतील वॉटल नावाच्या बाभूळवर्गीय झाडाची साल आणि अर्जेंटिनातील क्वेब्राचो हे कठीण लाकूड यांचे अर्क स्वस्तात मिळू लागले. डोंगरातल्या माणसाला या घडामोडींची वार्ता मिळाली असेल ती फक्त उतरलेल्या भावातून.

हिरड्याहून अगदी वेगळी कथा मिरजेची आहे. मलकापूरहून महामार्गाने व पुढे कृष्णाकाठाने आग्नेयेस गेल्यावर लागणाऱ्या या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी, शस्त्रांची मागणी संपत आल्यावर, मिरज संस्थानाच्या आश्रयाने सतार आणि तंबोरा बनवण्याचा उद्योग सुरू केला. फरीदसाहेब हे त्यांतील आद्य नाव मानले जाते. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाल्याने या गावाला गवयांचा राबता लाभला. येथील वाद्य म्हणजे अनेक रानांचे आणि शेतांचे एकत्र आलेले देणे आहे. भोपळा पंढरपूर–मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठचा, दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची, खुंट्या शिसवीच्या. आणि घोडी, म्हणजे तारा ज्या पट्टीवरून जातात तो भाग, सतारीला पूर्वापार सांबराच्या शिंगाचा किंवा हस्तिदंताचा.

घोडीचा पृष्ठभाग किंचित वाकडा घासलेला असतो, तार त्यावर जेमतेम टेकून कंप पावते आणि त्या घर्षणातून जो भरदार, झणझणता नाद निघतो त्याला जवारी म्हणतात. घोडी फार मऊ असेल तर तार तिच्यात लवकर चर पाडते, फार कठीण असेल तर नाद कोरडा होतो; शिंगाचा गुण या दोहोंच्या मधला. सांबर दर वर्षी शिंगे गाळते, आणि ती रानात वेचून विकणे यात कोणाचा जीव जात नाही, असा कारागिरांचा आणि वेचणाऱ्यांचा युक्तिवाद होता. तो खोटा नव्हता. अडचण एवढीच होती की गळालेले शिंग बुडख्याशी ओळखता येते, पण त्याची चार बोटे रुंद पट्टी कापली की ते गळालेले होते की मारलेल्या जनावराचे हे सांगणारा भागच निघून जातो. रानाचा दाखला कापून टाकलेली वस्तू प्रामाणिक की चोरीची, हे नाक्यावरचा कोणताही अधिकारी पाहून ठरवू शकत नव्हता.

याच कोंडीवर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय करार उभा राहिला. धोक्यातील वन्य प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीचा करार, जो साइट्स या संक्षिप्त नावाने ओळखला जातो, ३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टन येथे तयार झाला, १ जुलै १९७५ पासून अमलात आला आणि भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. या कराराची रचना समजून घेणे आवश्यक आहे. त्याची तीन परिशिष्टे आहेत. पहिल्यातील जीवांचा रानातून आणून व्यापारी हेतूने होणारा व्यवहार बंद, दुसऱ्यातील जीवांचा परवान्याने, आणि तिसऱ्यातील जीवांसाठी एखाद्या देशाने इतरांचे साहाय्य मागितलेले. दुसऱ्या परिशिष्टातील परवाना देताना निर्यात करणाऱ्या देशाच्या वैज्ञानिक प्राधिकरणाने या विक्रीमुळे त्या जातीला रानात अपाय होणार नाही असे सांगावे लागते आणि आयात करणाऱ्या देशाने तो कागद पाहिल्याशिवाय माल घ्यायचा नाही. ‘व्हिंगोर्ला’ या नावात जे नव्हते ते येथे प्रथमच सक्तीचे झाले : विकत घेणाराही उत्तरदायी ठरला.

हस्तिदंताच्या बाबतीत हे कसे घडले हे मिरजेच्या दुकानांत पाहता येते. भारतीय हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ च्या दुरुस्तीने थांबला, पण आफ्रिकेतून आणलेला दंत चालू राहिला आणि त्याच्या आडून देशी दंतही खपू शकत होता. १९८९ मध्ये लोझान येथील साइट्सच्या परिषदेने आफ्रिकी हत्तीला पहिल्या परिशिष्टात घातले आणि १९९१ च्या दुरुस्तीने भारताने आयात दंताचा व्यापारही बंद केला, तेव्हाच ही पळवाट बुजली. शिंगांच्या निर्यातीवर १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंदी आली. कारागीर उंटाच्या हाडाकडे, शिसवीकडे आणि कृत्रिम पदार्थांकडे वळले. दांडीवरील नक्षीतला हस्तिदंत जाऊन प्लास्टिक आले. जाणकार कान शिंगाची जवारी अजूनही आठवतात, आणि त्या आठवणीला केवळ हौस म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. पण कोयनेच्या रानातील सांबराच्या दृष्टीने पाहिले तर हा बदल अटळ होता.

शिसवीचे प्रकरण मात्र कराराच्या उणिवा दाखवणारे आहे. चीनमधील फर्निचरच्या मागणीने आफ्रिका, मध्य अमेरिका आणि आग्नेय आशियातील शिसववर्गीय वृक्षांची बेसुमार तोड होऊ लागली आणि कापलेल्या फळीवरून जात ओळखणे कठीण, म्हणून २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेने डालबर्जिया या प्रजातीला, म्हणजे आपल्या शिसवीसह जवळजवळ सर्व जातींना, दुसऱ्या परिशिष्टात टाकले. २ जानेवारी २०१७ पासून खुंट्या आणि घोडीपुरती शिसव असलेल्या वाद्यालाही कागद लागू लागले. गुन्हा फर्निचरवाल्यांचा आणि जाच वाद्यवाल्यांना, अशी ही स्थिती जगभरच्या वाद्यनिर्मात्यांनी आणि वादकसंघटनांनी मांडली तेव्हा २०१९ च्या जिनिव्हा परिषदेने तयार वाद्ये व त्यांचे भाग यांना सूट दिली. उत्तर भारतातील शिसम या जातीच्या हस्तकलावस्तूंसाठी वजनाची मर्यादा कशी मोजायची हा भारताने लावून धरलेला प्रश्न २०२२ च्या पनामा परिषदेत बराचसा सुटला. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट स्थळाशी निगडित वस्तूच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले. वाद्याचे गाव आता कागदावर पक्के आहे.

ज्याच्या बाबतीत असे काहीच वेळेवर घडले नाही ते झाड नरक्या. सह्याद्रीच्या ओलसर रानातील हे लहानसे झाड फुलांच्या दुर्गंधीमुळे ओळखले जाते आणि ती दुर्गंधी त्याच्या जुन्या शास्त्रीय नावातही उतरली होती. पाटण, शाहूवाडी, आंबोलीकडच्या रानांत त्याला पूर्वी फारसे मोल नव्हते. १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे काढले. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य नरक्यात असल्याचे दाखवून दिले. त्यापासून बनवलेली इरिनोटेकन आणि टोपोटेकन ही औषधे १९९० च्या दशकात जपान, अमेरिका व युरोपात वापरात आली आणि सह्याद्रीतील दुर्लक्षित झाडाला एकाएकी परदेशी भाव आला. हे द्रव्य वाळलेल्या लाकडाच्या एका टक्क्याचाही लहानसा अंश असते, त्यामुळे थोड्या औषधासाठी ढीगभर लाकूड लागते. आणि मुळांतही ते असल्याने झाड नुसते तोडले जात नाही, उपटले जाते. हिरड्याला झाडाच्या प्रकृतीने जे संरक्षण दिले होते ते येथे उलटे झाले.

सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत नरक्याच्या चोरट्या वाहतुकीची प्रकरणे वारंवार उजेडात आली आहेत. परंतु नाक्यावर सापडते ते चिरफाळलेले, पोत्यात भरलेले लाकूड, जळणापासून वेगळे न ओळखता येणारे. आणि एकदा त्याची भुकटी किंवा अर्क झाला की त्याचे रान पूर्णपणे पुसले जाते. साइट्सच्या परिशिष्टांत नरक्याचे नाव नाही, म्हणून परदेशातील खरेदीदाराला त्याच्या रानाचा दाखला मागण्याची त्या करारानुसार गरज पडत नाही. खासगी मालकीच्या डोंगरातील झाडे तर मालक स्वतःच कवडीमोलाने विकून मोकळा होई, कारण पुढच्या साखळीतील भाव त्याला सांगणारे कोणी नव्हते. येथे साइट्सपेक्षा वेगळी व्यवस्था उपयोगी पडू शकते, ती म्हणजे २००२ चा जैवविविधता कायदा आणि २०१४ मध्ये अमलात आलेला नागोया करार, ज्यांच्या आधारे जैविक संपत्ती वापरणाऱ्याने नफ्यातील वाटा मूळ स्थळी द्यावा अशी अपेक्षा आहे. २००५ मध्ये जम्मू आणि जर्मनीतील संशोधकांनी नरक्याच्या आत वाढणाऱ्या एका बुरशीतून कॅम्प्टोथेसिन मिळू शकते असे दाखवले तेव्हा झाड न तोडताही हे द्रव्य मिळवता येईल अशी आशा निर्माण झाली, परंतु प्रयोगशाळेपासून कारखान्यापर्यंतचे अंतर लांब असते.

खवले मांजराच्या बाबतीत मात्र करार आणि गाव यांची गाठ पडली. खवल्यांच्या औषधी गुणांविषयीच्या समजुतीवर पूर्व आशियात जो बाजार उभा आहे त्याच्यासाठी कोकण आणि घाटमाथ्यावरून या प्राण्याची तस्करी होत आली. २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेने त्याच्या आठही जाती पहिल्या परिशिष्टात घातल्या. दक्षिण आशियाई देशांचे वन्यजीव अंमलबजावणी जाळे २०११ पासून आणि भारताचा वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभाग २००७ पासून याच प्रकारच्या साखळ्यांमागे आहेत. कुंभार्ली घाटाखालील चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तर गावकऱ्यांनाच या प्राण्याचे राखणदार करण्याचा मार्ग घेतला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, साइट्सची परिशिष्टे थेट भारतीय कायद्याच्या अनुसूचीत आली; तोपर्यंत हा करार आयात–निर्यातीच्या आणि सीमाशुल्काच्या नियमांच्या आधाराने राबवला जात होता.

हिरड्याकडे पुन्हा वळले तर तो परदेशी बाजारातून पूर्णपणे गेलेला नाही असे दिसते, फक्त तो आता चपलेच्या तळव्यात लपून जातो. कोल्हापुरी चपलेचे चामडे पारंपरिक पद्धतीने बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावले जाते; कातड्याची पिशवी शिवून तिच्यात हे पाणी भरून टांगण्याची जुनी रीत प्रसिद्ध आहे. २०१९ मध्ये या चपलेला मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांचे सामाईक आहे, आणि सीमावादाने तापत राहिलेल्या या टापूत दोन सरकारांच्या चर्मोद्योग महामंडळांनी एकच नाव वाटून घ्यावे ही गोष्ट दुर्मीळच म्हटली पाहिजे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे एका बाजूला आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार दुसऱ्या बाजूला, असे आठ जिल्हे त्या कागदावर आहेत. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घाटाच्या चपला नाव न घेता सादर केल्या तेव्हा आक्षेप घेतला गेला तो याच कागदाच्या बळावर, आणि कंपनीला या चपलांची प्रेरणा कोठून आली हे मान्य करावे लागले. त्या आठ जिल्ह्यांच्या यादीत साताऱ्याचे नाव आहे. त्या चामड्यात मुरलेला हिरडा कोणत्या डोंगरावरून उतरला, हे अजूनही कोणत्याच कागदावर लिहिलेले नाही.